बाह्या वर करायला लावू नका

प्रति,
राज्यातल्या माध्यमिक शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयांचे मुख्याध्यापक व प्राचार्य, तसेच वसतिगृहं आणि आश्रमशाळांचे अधीक्षक व अधीक्षिका यांस,

विषय: स्वतःला इजा करून घेणाऱ्या विद्यार्थ्यांशी शाळेने कसं वागावं

सस्नेह नमस्कार.

ही गोष्ट शाळेत बहुतेक वेळा एकाच वाटेने उघडी पडते. एखादी मैत्रीण मधल्या सुट्टीत हळूच सांगते, "बाई, तिच्या हातावर खुणा आहेत." बाई घाबरतात आणि मुलीला ऑफिसात घेऊन जातात. तिथे मुख्याध्यापक, पर्यवेक्षक, दोन शिक्षक आणि दारात शिपाई. "बाह्या वर कर." मग "हे काय केलंस?", "आईवडिलांचा विचार केलास का?" मग घरी फोन. पालकांकडून हमीपत्र लिहून घेतलं जातं की यापुढे असा प्रकार घडल्यास शाळा जबाबदार राहणार नाही. काही ठिकाणी तर थेट दाखलाच हातात दिला जातो. दुसऱ्या दिवशी पीटीच्या तासाला सगळ्या वर्गाच्या बाह्या वर.

हे सगळं करणारी माणसं वाईट नसतात, घाबरलेली असतात. पण या अर्ध्या तासात ते मूल एकच धडा शिकतं: पुढच्या वेळी अशा जागी, जिथे कोणाची नजर जाणार नाही. आणि सांगणारी मैत्रीण शिकते की सांगितलं की घात होतो. म्हणून हे पत्र मुख्यतः त्या पहिल्या अर्ध्या तासाबद्दल आहे.

आधी हे का घडतं ते सांगायला हवं, कारण ते समजलं नाही तर पुढची कुठलीच सूचना पटणार नाही. जगभरच्या पाहण्या एकत्र करून पाहिल्या तर साधारण सहा किशोरवयीन मुलांमागे एकाने कधी ना कधी स्वतःला मुद्दाम इजा केलेली असते. सुरुवात बहुधा 12 ते 14 या वयात होते. मुलींचं लवकर लक्षात येतं. मुलगा भिंतीवर मुठी आपटून बोटं सुजवून घेतो तेव्हा आपण त्याला राग म्हणतो आणि सोडून देतो. तोही याच यादीत धरायला हवा.

संध्याकाळची वेळ डोळ्यांसमोर आणा. चाचणीचे गुण पालकांच्या ग्रुपवर आलेत. वडील एकच वाक्य बोलून टीव्हीकडे वळलेत. घर दोन खोल्यांचं, त्याच खोलीत धाकटा भाऊ पाढे म्हणतोय, रडायलासुद्धा कोपरा नाही. आत जे साठलंय त्याला नाव देता येत नाही, कोणाला सांगता येत नाही, सहनही होत नाही. अशा वेळी शरीराच्या दुखण्याने मनाचं दुखणं थोडा वेळ मागे सरतं. हा थोडा वेळ म्हणजे खरोखर थोडा वेळ. पाठोपाठ लाज येते, आपण घाणेरडे आहोत असं वाटतं, खुणा लपवायचा घोर लागतो, आणि ती लाजच पुढच्या वेळचं कारण होऊन बसते. ओरडणं उलटं पडतं ते यामुळे. ओरड्याने लाज वाढते, आणि लाजेनेच तर हे चाक फिरतं. काही मुलांना आत अगदी बधिर वाटत असतं. काहींना आपण शिक्षेलाच पात्र आहोत असं वाटतं. काहींच्या मागे छळ असतो: वर्गातली टिंगल, जातीवरून मारलेले टोमणे, घरातली मारहाण, कुणाचा तरी नकोसा स्पर्श. काहींना नैराश्याचा आजार असतो. एकच कारण शोधून त्यावर शिक्का मारू नका, बऱ्याचदा तीन-चार गोष्टी एकात एक गुंतलेल्या असतात.

"लक्ष वेधून घ्यायला करतात" हे स्टाफरूममधलं नेहमीचं वाक्य. ज्यांना लक्ष वेधायचं असतं ती मुलं एप्रिलच्या उकाड्यात पूर्ण बाह्या घालून बसत नाहीत, पीटीच्या तासाला दर वेळी पोट दुखतं म्हणून सांगत नाहीत, मनगटभर दोरे आणि बँड बांधून फिरत नाहीत. आणि समजा, एखादं मूल खरंच कोणाचं तरी लक्ष मागत असेल, तरी मागतंय ते लक्षच ना. ते द्यावं. मोबाईल आणि 'हल्लीची फॅड' यांच्यावर सगळं ढकलून मोकळं होणंही बरोबर नाही. स्क्रीनवर पाहिलेलं कधी कधी सुरुवातीला निमित्त ठरतं, पण पुन्हापुन्हा करायला लावते ती आतली वेदना.

आता पहिला अर्धा तास.

जखम ताजी असेल तर आधी जखम, प्रश्न नंतर. स्वच्छ कापडाची घडी करून 10 मिनिटं सलग दाबून धरा, मधे मधे उचलून पाहू नका. रक्त थांबलं की वाहत्या पाण्याने धुऊन साधं ड्रेसिंग करा. हळद, कॉफी, टूथपेस्ट काहीही लावू नका. भाजलं असेल तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटं, बर्फ नको. जखमेची तोंडं उघडी असतील, रक्त थांबत नसेल, बोटं बधिर झाली असतील किंवा हलत नसतील तर लगेच दवाखाना. धनुर्वाताची लस कधी झाली ते विचारा. शाळेतून ती 10 आणि 16 व्या वर्षी मिळते, पण कित्येक मुलांची चुकलेली असते.

गोळ्या किंवा कुठलंही औषध जास्त घेतल्याचं कळलं, तर मूल हसतंबोलतं दिसत असलं तरी घरी पाठवायचं नाही. काही औषधं यकृतावर परिणाम करतात आणि ते एक-दोन दिवसांनी दिसतं. तोवर उताऱ्याची वेळ निघून गेलेली असते. मिठाचं पाणी पाजून उलटी करायला लावू नका. 108 ला फोन करा, रिकामं पाकीट किंवा बाटली सोबत घ्या आणि मुलाबरोबर एक मोठं माणूस जाऊ द्या.

जखम जुनी असेल तर घाई नाही. ऑफिस टाळा. ग्रंथालयाचा कोपरा, सिकरूम, प्रयोगशाळेशेजारची खोली चालेल. दार लोटलेलं, बंद नव्हे. एकच शिक्षक, शक्यतो मुलाला जवळचे वाटणारे, समोर न बसता थोडे बाजूला बसलेले. खुणा दाखवायला सांगू नका. "किती वेळा, कशाने, कुठे कुठे" ही चौकशी नको, ती डॉक्टरांची. एवढं म्हटलं तरी पुरे: "मला कळलंय की तुला खूप त्रास होतोय. मी रागावलेले नाही. सांगावंसं वाटेल तेवढंच सांग." मग गप्प राहा. शिक्षकाच्या जातीला गप्प राहणं सर्वांत अवघड जातं, हे आम्ही जाणतो. पण मुलाचं पहिलं खरं वाक्य बहुधा या गप्प राहण्यानंतरच येतं.

यानंतरचा एक प्रश्न मात्र टाळायचा नाही. स्वतःला इजा करून घेणाऱ्या बहुतेक मुलांना मरायचं नसतं, पण अशा मुलांमध्ये पुढे आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणून सरळ शब्दांत विचारा: "कधी जीव संपवावा असं मनात येतं का?" उत्तर हो आलं तर: "आजही येतंय का? तसं काही ठरवलं आहेस का?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उलट कित्येकांना हायसं वाटतं की कोणीतरी तो शब्द उच्चारला. ठरवलं आहे असं उत्तर आलं तर मुलाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, स्वच्छतागृहापर्यंतही सोबत जायचं, आणि त्याच दिवशी, पालकांसह, दवाखाना गाठायचा. 'उद्या बघू' म्हणायचं नाही.

'धोक्याचा स्कोअर' काढून देणारे फॉर्म हल्ली शाळांना विकले जातात. त्यांच्या भरवशावर राहू नका. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2022 साली दिलेल्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलंय की पुढे कोण आत्महत्येचा प्रयत्न करेल हे ठरवायला असे तक्ते वापरू नयेत, आणि मदत कोणाला द्यायची हेही त्यावरून ठरवू नये. कमी गुण आले म्हणून परत पाठवलेलं मूल सुरक्षित असतंच असं नाही.

मूल विचारेल, "तुम्ही कोणाला सांगणार नाही ना?" इथे खोटं वचन देऊ नका. सांगा: "सगळ्यांना नाही सांगणार. पण तुझ्या जिवाची काळजी वाटली तर काही जणांना सांगावंच लागेल. कोणाला आणि कसं, ते आपण दोघं मिळून ठरवू." आणि मग खरोखर मिळून ठरवा. आईला आधी की आजीला? फोनवर की समोर? मूल स्वतः सांगणार की तुम्ही? एवढी मुभा मिळाली तरी त्याच्या हातात काहीतरी राहतं.

पालकांना फोन करताना शब्द मोजून वापरा. "तुमच्या मुलीने हात कापून घेतलाय, ताबडतोब या" असं ऐकलेला बाप वाटेतच रागाने पेटत येतो आणि शाळेच्या दारात हात उगारतो. त्याऐवजी: "मुलगी सुखरूप आहे, माझ्याजवळ बसली आहे. तिला मनाचा त्रास होतोय. आज येऊन भेटाल का?" आल्यावर आधी खुर्ची, पाणी. "आमचं काय चुकलं?" हा प्रश्न येणारच. त्याचा निवाडा तिथे करत बसू नका. तीन गोष्टी मागा. आज रात्री मारहाण, शिव्याशाप, शपथा नकोत. घरातल्या सगळ्या गोळ्या, आजोबांच्या बीपी-शुगरच्या सुद्धा, आणि शेतावरची फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि किल्ली मोठ्यांच्या अंगावर ठेवा. आणि या आठवड्यात दवाखान्यात जा. यातली कुलपाची गोष्ट अनेकांना फालतू वाटते. तसं नाही. तीव्र लाट बहुधा थोड्या वेळाने ओसरते, आणि त्या वेळात हाताशी काही नसणं यावर जीव वाचण्या-न वाचण्याचा फरक पडतो.

घरचे देवऋषाकडे निघाले असतील तर वाद घालू नका, "जायचं तर जा, पण आधी केस पेपर काढा" म्हणा. मात्र उपचार म्हणून मारणं, डांबून ठेवणं, चटके देणं यातलं काही होणार असेल तर 1098 या मुलांसाठीच्या मदतक्रमांकावर (चाइल्डलाइन) फोन करा. त्रास घरातूनच असेल तर पालकांना फोन करण्याआधी थांबा आणि 1098 वर बोला. लैंगिक अत्याचाराची गोष्ट मुलाने सांगितली तर ती पोलीस किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार बंधनकारक आहे. हे शाळेच्या नावासाठी दाबणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

कुठे पाठवायचं? टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक 14416. ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीतून बोलता येतं. मूल करू शकतं, पालक करू शकतात, आणि काय बोलावं ते सुचेनासं झालेले वर्गशिक्षकही करू शकतात. (हे पत्र वाचणारं एखादं मूलच असेल तर बाळा, हा क्रमांक तुझाही आहे. आत्ता लाव.) प्रत्यक्ष तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयातली मानसोपचाराची ओपीडी किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा मानसोपचार विभाग. गावातली शाळा असेल तर वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. त्या डॉक्टरांचा नंबर तेव्हाच घेऊन ठेवा, त्यांची संदर्भ चिठ्ठी असली की जिल्ह्याला खेपा वाचतात. 'मानसोपचार' म्हटलं की घरच्यांना ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीची मनोरुग्णालयं आठवतात. त्यांना सांगा की अशा मुलांना बहुधा कुठेही दाखल करावं लागत नाही.

पहिल्या भेटीत डॉक्टर मुलाशी एकट्याने बोलतात. पालकांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर "आमच्यापासून काय लपवता?" म्हणून तिथेच भांडण होतं. स्वतःला इजा करणं थांबवणारी अशी गोळी नाही. नैराश्य किंवा दुसरा आजार असेल तर औषध देतात, त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत मुलावर जास्त लक्ष ठेवावं लागतं. औषध मोठ्यांच्या ताब्यात राहावं आणि मनाने बंद करू नये. मुख्य उपचार बोलण्याचा. वारंवार इजा करून घेणाऱ्या किशोरांसाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेल्या डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) या पद्धतीला चांगला आधार आहे. तिच्यात भावनेला नाव देणं, लाट ओसरेपर्यंत तग धरणं, हवं ते स्पष्ट मागणं हे शिकवतात, गणिताची उदाहरणं सोडवून घ्यावी तसं, पुन्हापुन्हा. त्याला महिने लागतात. दोन बैठकांत "काही फरक नाही" म्हणून सोडणारे पालक खूप असतात. शाळेने त्यांना थोपवावं.

पोलिसांची भीती वेगळीच. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 115 प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं आणि तिला शिक्षा होत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेचं कलम 309 घेतलेलंच नाही. रुग्णालय एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय प्रकरणाची) नोंद करतं, ती नोंद म्हणजे मुलावर गुन्हा नव्हे. या एका गैरसमजापायी कित्येक घरं 'पाय घसरून पडली' असं सांगतात आणि डॉक्टरांना खरं कारण कळतच नाही.

मूल शाळेत परत येतं तो दिवस फार नाजूक. तुकडी बदलू नका. वर्गप्रमुखपद, स्नेहसंमेलनातलं नाच-नाटक काढून घेऊ नका. पूर्ण बाह्यांना लेखी परवानगी द्या, कारण जुने व्रण जायला वेळ लागतो आणि रोज कोणी ना कोणी विचारतं. एक शिक्षक आणि एक राखीव शिक्षक ठरवा, ज्यांच्याकडे कारण न सांगता जाता येईल, आणि वर्गातून उठून जायला एक छोटी चिठ्ठी द्या. समुपदेशकाबरोबर मुलाच्याच शब्दांत अर्धं पान लिहून घ्या: लाट येतेय हे मला कशावरून कळतं, तेव्हा मी एकट्याने काय करू शकतो, कोणाजवळ जाऊन बसू शकतो, कोणाला सांगू शकतो, आणि शेवटी 14416. तोंडावर गार पाणी मारणं, जिने चढउतार करणं, गच्चीऐवजी अंगणात चक्कर मारणं, असं साधंच त्यात असतं. मनगटावर रबर बँड ओढायचा सल्ला देऊ नका, दुखवून शांत व्हायचीच सवय त्याने पक्की होते असं आमचं मत आहे. आणि "पुन्हा करणार नाही" असं लिहून घेऊ नका. पुन्हा घडण्याची शक्यता असतेच, आणि सही केलेलं मूल ते सांगायला येत नाही.

बाकीच्या वर्गाचं काय? परिपाठात या विषयावर भाषण नको, नाव तर नकोच, फोटो आणि पद्धतीचं वर्णन अजिबात नको. एकाचं पाहून दुसरा करतो, हे खरं आहे. शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ही बातमी गेली की संध्याकाळपर्यंत पालकांच्या ग्रुपवर पोचते, तेव्हा तिथेही नाही. ज्या मैत्रिणीने सांगितलं तिला बाजूला घेऊन सांगा की तिने बरोबर केलं आणि आता हे ओझं तिचं नाही. ती बऱ्याचदा रात्र रात्र जागून मेसेजवर पहारा देत असते.

वसतिगृहांसाठी आणखी थोडं. औषधांचा डबा, फिनेल, प्रयोगशाळेची रसायनं कुलपात हवीत. गादीखाली झडती घेत फिरणं नको. रात्री दहा ते बारा या वेळात अधीक्षिका एक फेरी मारून सहज दोन शब्द बोलली, तर त्याचा उपयोग झडतीपेक्षा जास्त.

हे सगळं आमच्या सदिच्छेवर सोडलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी दिलेल्या मार्गदर्शक सूचना सरकारी-खासगी शाळा, महाविद्यालयं, कोचिंग क्लास, वसतिगृहं सगळ्यांना लागू आहेत. 100 किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा आहे. त्याहून कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचं आहे. शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचं आहे. शिक्षकेतर हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण रडणारं मूल आधी दिसतं ते मावशींना आणि व्हॅनवाल्या काकांना. समुपदेशक नेमलात तर त्याच्या गळ्यात ऑफ पीरियड आणि शालेय पोषण आहाराची नोंदवही बांधू नका.

त्याच सूचनांत हेल्पलाइनचे क्रमांक ठळक अक्षरांत लावायला सांगितलंय. बहुतेक शाळा तो फलक ऑफिसच्या दाराशी लावतात, जिथे उभं राहून क्रमांक उतरवून घ्यायची कुठल्याही मुलाची हिंमत होणार नाही. 14416 आणि 1098 हे दोन आकडे मुलामुलींच्या स्वच्छतागृहांच्या दारांना आतून लावा, डोळ्यांच्या उंचीवर, लॅमिनेट करून. कामाला शंभर-दोनशे रुपये लागतील. या आठवड्यात होण्यासारखं आहे.

आपले,
किशोरवयीन मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी काम करणारे समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ